श्रमदानाला आलेल्या प्रत्येकाला पातळी काढता यावी

संपादक महोदय,

श्रमदानाच्या बातम्या बहुतेक वेळा ठरावीक आकड्यांवर उभ्या असतात. इतकी माणसं आली, इतके खड्डे झाले, इतकी रोपं लागली. माणसं मनापासून येतात, घाम गाळतात, त्याचं मोल आहेच. पण दोन पावसाळे उलटले की या आकड्यांवरून जमिनीचं काय झालं ते कळत नाही. ते कळायचं असेल तर आलेल्यांपैकी किती जणांना उतार वाचता येऊ लागला, हे विचारावं लागतं. आमचं म्हणणं एवढंच आहे की श्रमदानाच्या दिवशी कुदळ हातात देण्याआधीचा तास-दीड तास पातळी काढायला, म्हणजे उतारावरच्या एकाच उंचीच्या जागा शोधायला, शिकवण्यात घालवावा.

याचं उत्तम उदाहरण पश्चिम आफ्रिकेतलं आहे. बुर्किना फासोच्या यातेंगा भागातले शेतकरी पाणी आणि माती अडवायला शेतात दगडांच्या ओळी पूर्वीपासून घालत आले होते. तिथला उतार इतका मंद की नुसत्या नजरेला समपातळी सापडत नसे. ओळ जराशी तिरकी पडली तरी पाणी तिच्या कडेने धावे आणि कुठेतरी एका जागी जमीन कापून काढी. १९८०च्या सुमारास ऑक्सफॅम या मदतसंस्थेच्या प्रकल्पातून तिथे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने पातळी काढायची पद्धत आली. लिहितावाचता न येणारे शेतकरीही एक-दोन दिवसांत ती शिकले, आणि नीट समपातळीत घातलेल्या ओळी गावोगाव पसरल्या. कष्ट आधीही होतेच, दगडही होते. नवी होती ती नळी, आणि ती वापरता येणारी माणसं.

ही नळी कोणालाही तयार करता येते. १० ते १५ मीटर लांब, आतून साधारण १० मिलिमीटर व्यासाची पारदर्शक नळी आणि पावणेदोन मीटर उंचीच्या दोन सरळ काठ्या पुरतात. काठ्यांवर तळापासून वर सेंटिमीटरच्या खुणा करायच्या. पाण्याची बादली उंचावर ठेवून एका टोकाने हळूहळू पाणी घ्यायचं, म्हणजे हवा पुढे ढकलली जाते. घाईने भरलं की बुडबुडे अडकतात. पाणी दोन्ही बाजूंना साधारण एक मीटर उंचीवर आलं की टोकं काठ्यांना वरपर्यंत बांधायची. मग दोन्ही काठ्या एकाच जागी शेजारी-शेजारी उभ्या करून बघायचं. आकडे सारखे आले नाहीत तर कुठेतरी बुडबुडा आहे किंवा नळी दुमडली आहे. ही तपासणी झाल्याशिवाय एकही खुंटी ठोकू नये.

मग एकाने पहिल्या खुंटीशी काठी धरून थांबायचं. दुसऱ्याने पाच-सात मीटर पुढे जाऊन, दोन्ही काठ्यांवरचा आकडा सारखा येईपर्यंत वर-खाली सरकायचं. इथे नवखा माणूस हमखास गोंधळतो. ज्या काठीवर पाणी जास्त उंच दिसतं, ती काठी खालच्या जमिनीवर असते. म्हणजे आपल्याकडचा आकडा मोठा असेल तर चढाच्या बाजूला सरकायचं. तोंडी सांगून हे डोक्यात बसत नाही. दोन-तीनदा चुकीच्या दिशेला सरकून, आकड्यांतला फरक वाढताना पाहिला की मग कायमचं बसतं. म्हणून मार्गदर्शकाने लगेच ओरडून दुरुस्ती करू नये, शिकणाऱ्याला सरकू द्यावं.

बाकी चुका ठरलेल्या आहेत. चालताना पाणी सांडू नये म्हणून टोकांवर अंगठा दाबतात आणि आकडा वाचताना तो काढायला विसरतात. अंगठा असेपर्यंत पाणी खरी पातळी दाखवत नाही. थोडं पाणी सांडलंच तर काही बिघडत नाही, कारण सकाळच्या खुणेशी ताडून बघायचं नसतं, दोन काठ्यांची एकमेकींशी तुलना करायची असते. काठी ढेकळावर किंवा दगडावर टेकली की पाच सेंटिमीटरची चूक सहज होते. म्हणून टेकायच्या जागी पायाने गवत-ढेकूळ बाजूला करावं. पाणी डोलायचं थांबेपर्यंत वाट बघावी. आणि दोघांनी आकडा मनात न ठेवता मोठ्याने म्हणावा, यातच निम्म्या चुका पकडल्या जातात.

नळी नसेल तर इंग्रजी ‘A’ च्या आकाराची लाकडी ए-फ्रेम चालते. दोन-दोन मीटरचे दोन पाय, मधे आडवी पट्टी, वरच्या टोकाला दोरी आणि दोरीला दगड. दोरी आडव्या पट्टीच्या खाली गेली पाहिजे. पट्टीवरची मधली खूण मात्र मोजपट्टीने करायची नाही. फ्रेम दोन खुंट्यांवर उभी करून दोरी जिथे येते तिथे रेघ मारायची, पायांची अदलाबदल करून पुन्हा रेघ मारायची, आणि दोन रेघांचा मध्य धरायचा. दोरी त्या मध्यावर आली की दोन्ही पाय एका पातळीत असतात. असं केलं की पाय लहान-मोठे असले तरी फ्रेम खरं सांगते. वारा असेल तर दगड जड घ्यावा. दुपारपर्यंत बांधणी सैल होते, म्हणून जेवणानंतर खूण पुन्हा तपासावी.

खुंट्यांची ओळ थोडी नागमोडी दिसते. एखादीच खुंटी रांगेबाहेर असेल तर ती नजरेने सरळ करावी, पण सलग चार-पाच खुंट्या वळत असतील तर जमीनच तिथे वळते आहे. ते वळण तसंच ठेवावं. ओळ सरळ दिसली की फोटो छान येतो, पण पाणी सरळ रेषेला जुमानत नाही.

या खुंट्यांच्या ओळीवर पाणी अडवणारा चर खणताना नेहमीचं माप ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल. म्हणजे एका मीटर लांबीत १८० लिटर पाणी मावतं. नवख्या माणसाकडून मुरमाड जमिनीत तीन तासांत अर्धा घनमीटर खोदाई झाली तरी पुष्कळ, आणि अर्धा घनमीटर म्हणजे जेमतेम पावणेतीन मीटर चर. हा हिशोब आधी सांगितला तर आयोजक अवास्तव लांबी जाहीर करत नाहीत, आणि शेवटच्या तासात उथळ, वेडंवाकडं खणून आकडा गाठायची घाई होत नाही. २० मीटरच्या चराचं एक टोक १० सेंटिमीटरने खाली गेलं तर चरात सहावा हिस्सा पाणी कमी मावतं. त्याहून वाईट म्हणजे दर पावसात तो त्याच टोकाकडून ओसंडतो. तिथली माती वाहून गेली की साऱ्या चराचं पाणी एकाच घळीतून खाली उतरतं. जमीन वाचवायला खणलेला चरच मग जमीन कापतो. यावर उपाय म्हणजे दर चार-पाच मीटरवर अर्धा मीटर जमीन न खणता सोडायची, आणि खालच्या रांगेतला चर वरच्या रांगेतल्या मोकळ्या जागेसमोर येईल असा घ्यायचा. निघालेली माती उताराच्या बाजूला टाकायची, चराच्या काठापासून वीत-दीड वीत जागा सोडून, म्हणजे ती परत आत घसरत नाही. तिच्यावर लगेच गवताचं बी टाकावं. काम माथ्यापासून पायथ्याकडेच करायचं. खालून सुरुवात केली तर वरून येणारा सगळा लोंढा एका रांगेवर येतो.

पाणी मुरतं म्हणजे काय, हेही हाताने शिकवता येतं. १५ सेंटिमीटर व्यासाचं, दोन्ही बाजूंनी उघडं पत्र्याचं कडं जमिनीत अर्धं ठोकायचं. आत पातळ प्लॅस्टिक अंथरून त्यावर ४४० मिलिलिटर पाणी ओतायचं, म्हणजे अडीच सेंटिमीटर पावसाएवढं. मग प्लॅस्टिक हळूच ओढून घ्यायचं आणि सगळं पाणी जिरेपर्यंतचा वेळ मोजायचा. पहिल्या वेळी कोरडी माती पाणी पिते, म्हणून लगेच दुसऱ्यांदा करून तोच वेळ लिहायचा. एक कडं तुडवलेल्या पायवाटेवर, एक गवताखाली, एक जुन्या झाडाच्या पालापाचोळ्याखाली. या तीन जागांच्या वेळांत किती अंतर पडतं ते स्वतः बघितलेल्या माणसाला आच्छादनाचं महत्त्व समजावून सांगावं लागत नाही. ओल्या चिकणमातीवर पन्नास माणसं उभी करायची नसतात, हेही तो आपणहून म्हणतो.

यासाठी गट लहान हवा. एका जाणकारामागे सात-आठ जण, त्याहून जास्त नकोत. शंभर जण आले तर पंचवीस जणांना सकाळी खणायला द्यावं, बाकीच्यांना मोजणी, गवताचं बी, दगड वेचणं अशी कामं द्यावीत आणि दर तासाने अदलाबदल करावी. खणणाऱ्यांमध्ये दोन मीटर अंतर ठेवावं. कुदळीचा दांडा हलत असेल तर ती पाण्यात भिजत ठेवून काम भागतं असं पुष्कळ जण मानतात, पण दांडा वाळला की ती पुन्हा सैल होते. पाचर ठोकूनच ती हातात द्यावी.

रोपांबद्दल थोडं कडक बोलावं लागेल. पिशवीतल्या मुळ्या गोल फिरलेल्या असतील तर त्या बाजूने मोकळ्या करून किंवा कापून लावाव्यात, नाहीतर झाड काही वर्षांनी स्वतःच्याच मुळ्यांच्या वेढ्यात गुदमरतं. खोड आणि मूळ जिथे मिळतात तो भाग जमिनीच्या पातळीला राहावा. आच्छादन आठ-दहा सेंटिमीटर जाडीचं घालावं, पण खोडापासून वीतभर लांब, कारण खोडाला टेकलेला ओला पाला साल कुजवतो. आणि रोप लावण्याआधी आजूबाजूला जुनी खुंटं फुटत आहेत का ते बघावं. ऑस्ट्रेलियाचे कृषितज्ज्ञ टोनी रिनॉडो यांनी १९८०च्या दशकात नायजरमध्ये हेच ओळखलं. उजाड दिसणाऱ्या शेतांत तोडलेल्या झाडांच्या जिवंत मुळ्या होत्या. एका खुंटावरचे तीन-पाच जोमदार धुमारे ठेवायचे, बाकीचे कापायचे, ठेवलेल्यांच्या खालच्या फांद्या छाटायच्या. एवढ्या कामाने तिथे लाखो हेक्टरांवर झाडं परत आली. मुळं आधीच खोल गेलेली असल्यामुळे त्यांना पाणी घालावं लागत नाही. विळा धरता येणाऱ्या कोणालाही हे अर्ध्या दिवसात शिकवता येतं. कोणता धुमारा ठेवायचा हा निर्णय मात्र प्रत्येक खुंटाशी उभं राहूनच शिकवावा लागतो. आणखी एक. जी जमीन मुळातच गवताळ आहे तिला झाडं लावून उपकार होत नाहीत. तिथे चराई काही काळ थांबवणं हेच काम, आणि त्याला माणसं जमवावी लागत नाहीत.

आता आमची विनंती. श्रमदानाची बातमी देताना आयोजकांना तीन गोष्टी विचाराव्यात. आलेल्यांपैकी किती जणांनी स्वतः पातळी काढली? पहिल्या मोठ्या पावसानंतर दोन दिवसांच्या आत पाहणीला कोण येणार आहे? आणि गाळ काढण्याची, गवत राखण्याची जबाबदारी पुढची तीन वर्षं कोणाची? चराची खोली एक तृतीयांश गाळाने भरली की तो उपसायचा असतो. ही तारीख कोणत्याही फलकावर लिहिलेली नसते, ती जाऊन बघावी लागते. पावसानंतरची पाहणी म्हणजे श्रमदानाचा दुसरा, आणि आमच्या मते अधिक महत्त्वाचा दिवस. कुठे ओसंडलं, कुठे फुटलं, कुठे पाणी दुसऱ्या दिवशीही उभं आहे, हे ज्याने खुंटी ठोकली त्यानेच बघावं. फुटलेली जागा त्याच दिवशी दगडांनी बांधली तर दोन माणसांचं काम असतं. महिनाभर तशीच राहिली तर तिची घळ होते.

छायाचित्रही छापावं. पण कामाच्या जागी एक पक्की खुंटी रोवून, तिथूनच, त्याच दिशेने, श्रमदानाच्या दिवशी एक, पहिल्या पावसानंतर एक आणि पुढच्या उन्हाळ्यात एक, अशी तीन छायाचित्रं आयोजकांकडून मागवावीत. तिसरं छायाचित्र येईल तेव्हा त्याला पहिल्याइतकीच जागा द्यावी.

आपले,
मृद्-जलसंधारणाच्या कामात मार्गदर्शन करणारे काही स्वयंसेवक