सोनू, रिटर्न भरण्याआधी हे वाच

सोनू,

काल फोनवर म्हणालीस की लकी ड्रॉचे 70,000 खात्यात आले म्हणून रिटर्नमध्ये 70,000 दाखवते. तसं नको करू. बक्षीस 1 लाखाचं होतं ना, 30 टक्के टीडीएस (पैसे देतानाच कापायचा कर) त्यांनी आधीच कापलाय, त्यामुळे उत्पन्न म्हणून पूर्ण 1 लाख लिहायचे आणि कापलेले 30,000 टीडीएसमध्ये येतील. पोर्टलवर एआयएस (वर्षभराच्या व्यवहारांचं सरकारी पत्रक) उघडून बघ, तिथे पॅनवर सगळं दिसतंच, आपण कमी दाखवलं की नोटीस ठरलेली.

अशा बक्षिसाला स्लॅब (उत्पन्नाप्रमाणे चढणारे दर) लागत नाही, सरळ 30 टक्के आणि त्या करावर 4 टक्के सेस, म्हणजे 31,200. टीडीएसमध्ये सेस कापत नाहीत गं, तेव्हा 1,200 अजून भरावे लागतील, पगारावर जास्त कापला गेला असेल तर त्यातून वळते होतील. आणि फॉर्म आयटीआर-1 घेऊ नकोस, लॉटरीचं उत्पन्न असलं की तो चालत नाही, आयटीआर-2 घे.

दुसरं, तुझ्या मावसभावाने लॅपटॉपसाठी 60,000 पाठवले ते. मावशीने स्वतः दिले असते तर टॅक्सचा प्रश्नच नव्हता, पण कायद्याच्या यादीत मावशी नातेवाईक आणि तिचा मुलगा नाही! (लग्नातला आहेर मात्र कुणाकडूनही माफ. तुझे बाबा म्हणतात मग उरकूनच टाक लग्न.) नात्याबाहेरच्यांकडून वर्षभरात मिळून 50,000 च्या वर पैसे आले की वरचे 10,000 नाही, पूर्ण 60,000 उत्पन्नात धरतात. हे इतर स्रोतांमधून म्हणून दाखव, याला तुझा नेहमीचाच स्लॅब. उसने दिले असतील तर गोष्ट वेगळी, पण मग ते कुठेतरी लिहिलेलं हवं, नुसतं तोंडी नको, त्याच्याशी एकदा बोलून घे.

आता दान. संस्थेला यूपीआयने दिलेले 11,000 ठीक आहेत, पण पावतीवर भागत नाही, त्यांच्याकडून फॉर्म 10बीई, म्हणजे दानाचं प्रमाणपत्र, मागून घे, 31 मेपर्यंत द्यायचा असतो त्यांनी. त्यावरचा नंबर आणि संस्थेचा पॅन 80जीच्या (दानावरच्या वजावटीच्या) शेड्यूलमध्ये टाकायचा. रोख दिलेले 3,000 विसर, रोखीत 2,000 च्या वर गेलं की काहीच धरत नाहीत, आणि धान्य, कपडे दिलेस त्याचीही वजावट नसते.

पण दानाचं हे सगळं जुन्या रेजीममध्येच (करपद्धतीत). नव्यात 80जी नाही आणि तुझ्या ऑफिसने नवीच धरलीये. पगारदारांना रिटर्न भरताना बदलता येते, फक्त मुदतीच्या आत भर. मला विचारशील तर बदलू नको, त्या संस्थेला दिलेल्यातले 50 टक्केच धरतात, म्हणजे 5,500 ची वजावट, तेवढ्यासाठी जुने स्लॅब अंगावर घ्यायचे का? घरभाडं, पीएफ, विमा सगळं धरून जुनी स्वस्त पडत असेल तरच. पोर्टलवर दोन्ही आकडे टाकून बघ, दहा मिनिटांचं काम आहे.

सबमिट करायच्या आधी पीडीएफ पाठव, जेवणं झाली की बघते. आणि नंतर 30 दिवसांत ई-व्हेरिफाय कर, नाहीतर भरलेलं न भरल्यासारखं.

आई