अंतरपटापाशी

बैर-शेबा, इस्राएल

प्रिय बाबा,

प्रभू येशूच्या नावात सप्रेम सलाम.

संडेस्कूलच्या फळ्यावर तुम्ही दर वर्षी खडूने जो निवासमंडप, म्हणजे इस्राएली लोकांनी देवासाठी रानात उभारलेला तंबू, काढता, त्याची पूर्ण आकाराची प्रतिकृती मी मागच्या आठवड्यात तिम्ना येथे पाहिली. एलातच्या उत्तरेला असलेल्या या वाळवंटात प्राचीन काळी तांब्याच्या खाणी होत्या, आणि लालसर कड्यांच्या पायथ्याशी उभा केलेला तो मंडप लांबून अगदी लहान दिसतो. खरे सोने-रुपे तिथे नाही. मापे मात्र निर्गमच्या पुस्तकातली आहेत.

अंगण 100 हात लांब आणि 50 हात रुंद, त्याभोवती 5 हात उंचीचे पांढऱ्या कापडाचे कुंपण. 5 हात म्हणजे सव्वादोन मीटरच्या आसपास, त्यामुळे टाचा उंचावूनही मला आतले काही दिसेना. आत जायला पूर्वेकडे एकच दार. आपले पाळक इथे थेट योहानाच्या दहाव्या अध्यायावर, ‘मी दार आहे’ या वचनावर येतात, आणि ते मला पटते. पण खुंट्या, कड्या, दोऱ्या अशा प्रत्येक वस्तूत ख्रिस्त शोधून दाखवणारी प्रवचनेही आपण ऐकली आहेत. आठव्या शतकातील इंग्लंडचा संन्यासी बीड याने तर मंडपाच्या एकेका भागाचा अर्थ लावणारा सबंध ग्रंथ लिहिला. त्यामागची भक्ती मी मानते. तरी नव्या करारातील लेखकांनी स्वतः जिथे बोट ठेवले, तिथेच आपण अधिक वेळ थांबावे, असे मला तिथे उभी असताना प्रकर्षाने वाटले.

त्यांनी बोट ठेवले ते अंतरपटावर, म्हणजे पवित्रस्थान आणि त्यामागचे परमपवित्रस्थान यांच्यामधल्या पडद्यावर. अंगणातली होमवेदी आणि गंगाळ पितळेचे, मंडपाच्या फळ्यांखालच्या बैठका रुप्याच्या, आणि आत सगळे सोने; म्हणजे जसजसे आत जावे तसतसा धातू मौल्यवान होत जातो आणि माणसे कमी होत जातात. अंगणापर्यंत अर्पण घेऊन आलेला कोणीही इस्राएली, पवित्रस्थानात फक्त याजक, आणि अंतरपटाच्या पलीकडे वर्षातून एकच दिवस, प्रायश्चित्ताच्या दिवशी, एकटा प्रमुख याजक रक्त घेऊन जाई. परमपवित्रस्थान 10 हात लांब, 10 हात रुंद आणि 10 हात उंच. प्रकटीकरणातल्या नव्या यरुशलेमेची लांबी, रुंदी आणि उंचीही सारखीच आहे. मी ते अंतर चालून पाहिले, माझी सात पावले भरली. एवढ्या सात पावलांसाठी बाहेरची ही सारी मांडणी!

अंतरपटाच्या निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुतात करूब, म्हणजे पंख असलेले स्वर्गीय प्राणी, विणलेले असत, हे मी कितीदा वाचले असेल. पण पडद्यासमोर उभी राहिले तेव्हाच त्याचा अर्थ लक्षात आला. एदेन बागेतून माणसाला घालवल्यावर देवाने पूर्वेला करूबच ठेवले होते. मंडपाचे दारही पूर्वेला आहे. म्हणजे याजक पूर्वेकडून आत येऊन पश्चिमेला चालू लागला की त्याच्यासमोर पुन्हा तेच पहारेकरी उभे राहत. इब्री लोकांस पत्र सांगते की तो पडदा म्हणजे ख्रिस्ताचा देह, आणि मत्तय सांगतो की येशूने प्राण सोडला तेव्हा, मंडपानंतर यरुशलेमेत बांधलेल्या मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. आपल्याकडे लग्नात नवरा-नवरीमध्ये धरतात त्यालाही अंतरपटच म्हणतात, आणि मंगलाष्टके संपली की तो दूर होतो. मराठी बायबलमध्ये हा शब्द योजणाऱ्याने फार नेमका शब्द निवडला आहे.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. येशूच्या काळच्या मंदिरात कराराचा कोश, म्हणजे परमपवित्रस्थानात ठेवायची आज्ञांच्या पाट्यांची सोन्याने मढवलेली पेटी, नव्हता; इ. स. पूर्व 586 मध्ये बाबेलच्या सैन्याने पहिले मंदिर पाडले, त्यानंतर तो कोणाच्या हाती लागलेला नाही. म्हणजे पडदा फाटला तेव्हा त्यामागे रक्त शिंपडायला दयासनच, म्हणजे कोशावरचे सोन्याचे झाकणच, नव्हते. कोशावरील दयासनासाठी जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात जो शब्द आहे, तोच शब्द पौलाने रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात ख्रिस्तासाठी वापरला आहे.

मी ज्यांची देखभाल करते त्या आजी अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी समाजातल्या, आहेत, हे तुम्हांला ठाऊक आहेच. परत आल्यावर मी त्यांना सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “अगं, आमच्यासाठी तो मिश्कान. देव शेजारी राहायला आला, एवढंच.” हिब्रूत ‘शाखेन’ म्हणजे शेजारी, आणि मिश्कान हा शब्द त्याच धातूपासून आला आहे. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस याने तर अंतरपटाच्या चार धाग्यांत पृथ्वी, समुद्र, वायू आणि अग्नी पाहिले होते. हे घर आधी यहुदी लोकांचे आहे, आणि आपला अर्थ सांगताना ते विसरता कामा नये. पण आजींचे ऐकत असताना मला योहानाचे वाक्य आठवले: शब्द देही झाला आणि त्याने आमच्यामध्ये वस्ती केली. मूळ ग्रीकमध्ये तिथे तंबू ठोकून राहण्याचे क्रियापद आहे. मी ते आजींना वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त ‘वस्ती’ हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

बाबा, एक विनंती आहे. तुम्ही फळ्यावर अंतरपट काढता तो एका सरळ रेषेने. या वर्षी त्यावर करूब काढा. दोन पंख जमले तरी पुरेत, आणि मुलांना एदेनचे दार कोणत्या दिशेला होते ते आधी विचारा. आईला सलाम, तिच्या गुडघ्याची काळजी घ्या.

तुमची लाडकी लेक