तुझ्याशिवाय कुणाला सांगू

सुले,

रागावली असशील, माहितीय मला. मावशी गेल्या तेव्हा फोनवर पाच मिनिटं बोलले तेच शेवटचं, मग उद्या करू उद्या करू करत सात महिने गेले. माफ कर गं. इकडे सगळे बरे, माझा गुडघा आहे तसाच.

रेवाला नोकरी लागली, चर्चगेटला, आणि राहते विरारला. परवा फोनवर म्हणते, "आई, लोकलच्या दारात उभं राहिलं की काय मस्त वारा लागतो, खाडीवर तर विचारूच नको." तव्यावरची पोळी करपली माझी. खाडी म्हटल्यावर मला काय दिसलं ते तुलाच कळेल, ह्यांनासुद्धा अजून सांगितलेलं नाही. नायगाव सुटलं, माझी चप्पल सरकली आणि तू पर्सचा पट्टा धरून आत ओढलंस. पट्टा तुटला, डबा खाडीत गेला, आणि भाईंदरपर्यंत मला शिव्या घालत होतीस, जीव वाचला त्याचं काही नाही, डबा तुझा होता म्हणून! आणि मी अजून म्हणते, झाकण आधीच सैल होतं.

अण्णांजवळ विषय काढला तर त्यांनी इतिहासच सुरू केला. त्यांचे वडील बीबी अँड सीआयमध्ये, म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत होते ना, "त्यातला दुसरा बी आपल्या बडोद्याचा" हे डांडिया बाजारात सगळ्यांना पाठ आहे. 12 एप्रिल 1867 ला विरार ते बॅकबे लोकल सुरू झाली तेव्हा दिवसाला एकच गाडी जायची नि एकच यायची, मग 1928 ला कुलाबा-बोरिवली विजेवर आली, 86 ला 12 डब्यांची... मी म्हटलं अण्णा, सगळं वाढलं, पण दार कधी बंद झालं? बंद दारांची पहिली एसी लोकल डिसेंबर 2017 ला, म्हणजे दीडशे वर्षांनी! ते गप्पच बसले. आणि एसीचा पास रेवाला परवडत नाही, मी पैसे देते म्हटलं तर फोन ठेवला. 2025 च्या जूनमध्ये मुंब्र्याला दारात लटकलेली माणसं पडून गेली, त्यानंतर नव्या गाड्यांना आपोआप बंद होणारी दारं करणार म्हणाले, पण ती रोज जाते ती जुन्याच गाडीत ना.

92 ला लेडीज स्पेशल सुरू झाली तेव्हा आपण कशा आत शिरून मटार सोलत बसायचो, बंद पंखा तू कंगव्याने फिरवायचीस. हिला आत ओढून घेणारं कुणी नाहीये गं.

तुझ्या व्हीआरएसचं काय झालं? मिलिंदच्या घराचा ताबा मिळाला? सविस्तर लिही. दिवाळीत येईन, लिलो चेवडो आणते.

तू नालासोपाऱ्याहून अजून रिटर्न मारतेस ना, जागा मिळावी म्हणून आधी उलटी विरारला जाऊन त्याच गाडीने परत? एक दिवस तिच्या डब्यात बस. मी सांगितलंय म्हणू नकोस, तिला आत कुठे उभं राहायचं आणि बोरिवलीच्या आधी कधी सरकायचं ते दाखव, माझं नाही ऐकणार, तुझं ऐकेल. साडेसातच्या सुमाराची गाडी, मधला लेडीज. निळी सॅक असते, आणि केस मोकळेच सोडते, तेही बांधायला सांग.

तुझी,
मंदा