सड्यावरचं फूल काळ्या पिशवीत जगत नाही

मा. मंत्रिमहोदय,
सा. न. वि. वि.

वैशाखातल्या ग्रामसभेत आपण माइकवरून शब्द दिलात, की दसऱ्यापर्यंत आमच्या सड्याला, म्हणजे गावावरच्या उघड्या कातळाच्या पठाराला, पोकलेन लागणार नाही, फुलांना बी धरू दे. टाळ्या आम्हीच वाजवल्या. गणपती गेले आणि पोकलेन चढला. दुष्काळी तेरडा ऐन फुलात असताना चिरेखाणीसाठी अर्धा सडा खरवडून झाला. जाब विचारला तर उत्तर आलं, "रोपं स्थलांतरित केली आहेत!" म्हणजे हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्यांची रांग आणि पुढे पाटी, 'दुर्मीळ वनस्पती संवर्धन'. (दुर्मीळ ती अजून नाही. आपला वेग पाहता होईल.) आठवड्याभरात पिशव्यांत नुसत्या काड्या उरल्या.

का मेली, हे आपल्याला कुणी सांगितलं नसणार. दुष्काळी तेरडा, म्हणजे सोपुबिया डेल्फिनिफोलिया, नावापुरताच तेरडा. कूळ त्याचं टारफुल्याचं, दुसऱ्याच्या मुळांवर जगणाऱ्या तणाचं. दोऱ्यासारखी हिरवी पानं, गुलाबी फुलं, त्यामुळे वरून काही कळत नाही. अन्न तो स्वतः करतो, पण पाणी आणि क्षार शेजारच्या गवताच्या मुळांतून ओढतो. त्याच्या मुळांवर बारीक शोषक गाठी येतात, त्या गवताच्या मुळाची साल भेदून आतल्या पाण्याच्या नळ्यांना जाऊन भिडतात. हा सांधा डोळ्यांना जेमतेम दिसतो. कुदळीच्या पहिल्या घावाला तो तुटतो. रोप मुळासकट हातात आलं असं वाटतं, प्रत्यक्षात त्याचा नळ तोडलेला असतो.

पिशवीत लाल माती, शेणखत, दोन वेळचं पाणी, सगळं होतं. गवत मात्र नव्हतं. चुकून आलेलं गवत 'तण' म्हणून निवडून काढलं होतं! सडा उघडा, उन्हाचा. वर जाळीची सावली केली, ती वेगळीच. जवळच गवतात एजिनेशिया होती, तीही गवताच्या मुळांवर जगणारी. तिला तर पानंच नसतात, हरितद्रव्यही नाही; जमिनीतून सरळ दांडा आणि टोकाला एक जांभळट फूल. तिलाही पिशवी मिळाली. आपल्या खात्याच्या दयेला खरोखर सीमा नाही.

हलवायचंच असेल तर रोप नव्हे, जमीन हलवावी लागते. सड्यावर माती कुठे बोटभर, कुठे वीतभर. भर पावसात गवतासकट फूटभराची चौकोनी ढेपळं थेट कातळापर्यंत कापायची आणि न फोडता दुसऱ्या उघड्या कातळावर, तशाच मातीच्या खळग्यात बसवायची. तरी बरीच मरतात. म्हणून खरी किंमत बियांची. बोंडं तपकिरी झाली की कागदी पिशवीत झाडून घ्यायची, प्लॅस्टिकमध्ये घाम धरून बुरशी येते. कोरड्या वाळूत मिसळून ज्येष्ठात, पावसाच्या तोंडावर, गवताळ मातीचा वरचा थर नुसता खरडून भुरभुरायची, पुरायची नाहीत. आणि वरची माती वेगळी साठवायची. पोकलेननं ती मुरमाखाली गाडली, म्हणजे तिच्यातलं पुढच्या पावसाचं बीही गेलं.

याच कुळातला टारफुला देशावर ज्वारीच्या मुळाशी लागला की शेतकरी हात टेकतो. एका रोपाला पन्नास हजार, कुणी म्हणतं लाखभर बिया, त्याही दहा-दहा वर्षं मातीत जिवंत. अमेरिकेत तो 1956 साली सापडला. तिथल्या सरकारला त्याच्यामागे कित्येक दशकं घालवावी लागली, जमिनीत इथिलीन वायूसुद्धा सोडावा लागला. त्या कुळातलं एक फूल आपण एका दुपारी आटोपलंत, तेही 'संवर्धन' करून!

खरं दुखणं सातबाऱ्यावर आहे. तिथे सडा 'पोटखराब', म्हणजे लागवडीला निकामी. या पोटखराबावरच आमची गुरं चरतात, त्यात मुरलेलं पाणी वाडीच्या विहिरींना येतं, पण कागदावर तो रिकामा, म्हणून वाटून टाकायला मोकळा. पश्चिम घाट राखायचा कसा, हे सांगणारा गाडगीळ समितीचा अहवाल 2011 चा, कस्तुरीरंगन समितीचा 2013 चा. घाटाला संवेदनशील क्षेत्र ठरवणाऱ्या अधिसूचनेचा सहावा मसुदा 2024 च्या जुलैत निघाला. मसुदेच मसुदे! खाणीच्या परवान्याला कधी सहा मसुदे लागल्याचं आम्ही ऐकलेलं नाही. हरकती घ्यायला आम्ही तालुक्याला जायचं, दिवसाची मजुरी बुडवायची, आणि सुनावणी पुढे ढकलल्याची चिठ्ठी दारावर वाचून परतायचं. गावातल्या झाडाझुडपांची, जीवांची नोंद ठेवणाऱ्या लोक जैवविविधता नोंदवहीत या फुलाचं नाव आहे म्हणे. ती नोंदवही कुठल्या कपाटात आहे, तेवढं तरी कळवा.

उरलेल्या अर्ध्या सड्यावर बोंडं अजून हिरवी आहेत. कार्तिक संपेपर्यंत बी गळेल. तोवर पोकलेन खाली आणायचा एका ओळीचा आदेश पाहिजे, लेखी, तारखेसह. माइकवरचा नको.

कळावे.
सड्याखालच्या वाडीतले शेतकरी