डायग्राम रद्दीत घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेल्वे फलाटावरची वजनाची यंत्रं गेली, याबद्दल हळहळ व्यक्त करणारं पत्र आपल्या वाचक-सदरात वाचलं. लुकलुकते दिवे, गरगरणारं चाक, वजन आणि भविष्य छापलेलं ते जाड तिकीट, सगळं आठवलं. पण यंत्र आधी जात नाही हो, आधी त्याचा डायग्राम, म्हणजे आतल्या तारांचा नकाशा, जातो. हे मी गेल्या तीन महिन्यांत पुन्हा शिकलो, तेही शिकागोजवळ मुलाच्या तळघरात.

मुलाने इथल्या एका बंद पडलेल्या बारमधून नाणं टाकून खेळायचं बोलिंगचं जुनं यंत्र आणलं. याला शफल अ‍ॅली म्हणतात. शिकागोच्याच युनायटेड कंपनीने 1949 मध्ये पहिलं काढलं. लाकडी पाट, त्यावर साबुदाणा वड्याएवढी पण चांगलीच जड लोखंडी चकती सरकवायची. आपण कॅरमवर बोरिक टाकतो तशी इथे रव्यासारखी मेणाची पावडर. गंमत अशी, की चकती पिनांना लागतच नाही. पिना वरून लोंबतात, चकती त्यांच्या खालून पाटातल्या तारांवरून जाते. तार दबली की त्या त्या पिना वर उडतात आणि चकती मागच्या पट्टीवर आपटून परत तुमच्याकडे येते.

घरी आलं तेव्हा यंत्र नुसतं गुरगुरत होतं. एक दुरुस्तीवाला आला, मागचं दार उघडून त्याने आत पाहिलं आणि म्हणाला, सगळं उपटून सर्किट बोर्ड बसवू. मी त्याच्या खांद्यावरून डोकावलो आणि माझा जीव सुपाएवढा झाला. आत माझं एक्स्चेंज होतं!

माझी 34 वर्षं टेलिफोन खात्यात गेली, पहिली वीस स्ट्रोजर एक्स्चेंजमध्ये, म्हणजे डायल फिरवला की यंत्रच खटखट करत फोन जोडायचं त्या जुन्या पद्धतीच्या. इथे तेच रिले (विजेने उघडमीट होणारे स्विच), तेच स्टेपर (एकेक घर पुढे सरकणारे स्विच). आमच्याकडे 50 व्होल्ट डीसी, इथे एसी, म्हणून ती गुरगुर. बोलिंगमध्ये स्ट्राइक पडला, म्हणजे एकाच फेकीत सगळ्या पिना गेल्या, की पुढच्या दोन फेकींचे गुण मागे जोडायचे असतात. ते लक्षात ठेवायला इथे संगणक नाही. रिले ओढला जातो आणि स्वतःच्याच कॉन्टॅक्टवर धरून राहतो. डायल केलेला आकडा सिलेक्टर धरून ठेवायचा, तसाच.

दुरुस्तीवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं. (सूनबाईला ते आवडलं नाही.) स्टेपरमधल्या ग्रीसचा डिंक झाला होता, तो अल्कोहोलने धुतला. कॉन्टॅक्ट कानशीने घासायचे नाहीत, नुसते पुसल्यासारखे करायचे; कडक कागदाची पट्टी मध्ये धरून ओढली तरी बहुतेकांचं भागतं. तरी स्पेअरचे (दोन फेकींत सगळ्या पिना गेल्या तर मिळणारे) गुण काही केल्या जोडले जाईनात. अखेर यंत्राच्या पोटात घडी घातलेला मूळ डायग्राम सापडला. एक कोपरा उंदरांनी खाल्लेला. तेवढ्या भागातल्या तारा बझर लावून एकेक शोधाव्या लागल्या, त्यात नऊ दिवस गेले. बाकीचं कागदावर होतं, ते दोन संध्याकाळींत सुटलं. दोष काय, तर एका रिलेची पत्ती केसभर वाकलेली. अशा पत्त्या वाकवायची माझी हत्यारं, स्प्रिंग बेंडरची जोडी, पुण्याला ट्रंकेत, म्हणून नातवाच्या खेळण्यातल्या पकडीने सरळ केली.

आमचं एक्स्चेंज डिजिटल झालं तेव्हा ड्रॉइंगची दोन कपाटं किलोवर गेली. मी तिथेच उभा होतो, काही बोललो नाही. रॅक भंगारात जाणारच होते, त्याचं दुःख नाही. पण कागदांना जागा किती लागली असती?

म्हणून त्या पत्रलेखकांना आणि इतरांना एवढंच सांगणं. कुणाच्या गोदामात, दुकानाच्या माळ्यावर असं वजनाचं यंत्र पडलं असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी मागचं दार उघडा आणि आत कागद चिकटवलाय का बघा. मी दिवाळीनंतर पुण्यात आहे. पुणे जिल्ह्यात कुठेही माझ्या खर्चाने येईन, हत्यारंही माझीच आणीन. फक्त मी येईपर्यंत उंदीर आवरा.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन मेकॅनिक, पुणे
(सध्या मुक्काम शिकागोजवळ)