कोरड्या बोअरची नोंद कुणी ठेवायची?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

हातावर नारळ घेऊन पाणी बघणाऱ्या पाणाड्यांचा धंदा अजून चालतो, कारण मराठवाड्यातला शेतकरी अडाणी आहे, असं एका वाचकांनी गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात लिहिलं होतं. मी औसा तालुक्यातली. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. आमच्या रानात तीन बोअर आहेत आणि त्यातले दोन पाणाड्यानं दिलेल्या पॉइंटवर मारलेले आहेत. तेव्हा अडाण्यांच्या यादीत आधी माझं नाव घाला.

पहिला बोअर २००३ चा. त्याला पाणाड्या नव्हता. धाकटे दीर म्हणाले, बांधावरच्या उंबराजवळ मारू, तिथं ओल असते. ३२० फूट गेलो, कोरडा. पैसे कर्जाचे. त्या एका वाक्यापायी आमचे हे आणि भाऊजी दोन वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. पोळ्याला बैलसुद्धा दोघांनी वेगवेगळे मिरवले.

दुसरा २०१३ च्या दुष्काळातला. या खेपेला शेजारच्या गावचा पाणाड्या आणला. पायाळू माणूस, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेला. अशाला जमिनीतलं पाणी दिसतं, हे आमच्याकडं लहान पोरंही सांगतील. चपला काढून तो रानभर फिरला, एका जागी तळहातावरचा नारळ उभा राहिला, तिथं त्यानं चुन्याची फक्की टाकली. १८० फुटांवर दोन इंची पाणी लागलं. गाव बघायला आलं, गुळाचा चहा झाला. पुढच्या मे महिन्यात तो बोअर आटला, तेव्हा मात्र कुणी बघायला आलं नाही.

तिसरा २०१६ चा. १२ एप्रिलला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पहिलं पाणी आलं, दहा वाघिणींत पाच लाख लिटर. त्याच आठवड्यात आमच्या रानात बोअर मारायची गाडी लागली. गाडी तमिळनाडूची, पॉइंट त्याच पाणाड्याचा. बोअर कोरडा चालला की पिठासारखा राखाडी धुराळा उडत राहतो. पाणी लागलं तर तो एकदम बसतो आणि चिखल उडायला लागतो. मी बाजेवर बसून रॉड मोजत होते. वीस फुटांचा एक रॉड. दहा रॉड झाले, म्हणजे भूजल कायद्यानं घातलेली साठ मीटर खोलीची हद्द संपली. कुणी थांबा म्हणालं नाही. मीही नाही. अठ्ठावीस रॉड गेले, ५६० फूट, आणि धुराळा काही बसला नाही. खोल जाईल तसा फुटाचा दर चढत जातो, हे वेगळंच.

पाणाड्या म्हणाला, "बाई, पाणी हाय, पण गाडीवाल्यानं शीर सोडून मारलं. हातभर चुकलं बगा."

त्या रात्री आमच्या घरात भांडण झालं नाही. सगळ्यांनी मिळून गाडीवाल्याला शिव्या दिल्या, नशिबाला दिल्या, आणि जेवून झोपलो. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं, की पाणाड्याला पाचशे रुपये देतो ते पाणी दाखवल्याचे नसतात. बोअर फेल गेला तर खापर घरातल्या माणसावर फुटू नये, त्याचे असतात. न दिसणाऱ्या जागेत लाखभर रुपये ओतायचे आणि "इथंच मारा" हे कुणीतरी बोलायचं. ते बोलायला सख्खा भाऊ धजत नाही.

आता नारळाचं. मागच्या महिन्यात धाकट्या मुलानं चौथ्या बोअरचा पॉइंट काढून घेतला. मी शंका काढली तेव्हा पाणाड्या म्हणाला, "तुम्ही शिकल्या-सवरल्या. स्वतः धरून बगा." धरला. फक्कीजवळ गेले आणि नारळ खरंच उठला! मी उठवला नव्हता, शपथेवर सांगते. पुढं पावसानं फक्की धुऊन गेली. सातवीतला नातू सुट्टीला आला होता. त्याला जागा माहीत नव्हती. नारळ देऊन रानभर फिरवला. पॉइंटवरून दोनदा गेला, नारळ आपला आडवाच. मग सालगडी त्याला म्हणाला, "त्या बोरीच्या अलीकडं हाय पॉइंट." पुढच्या फेरीला बोरीच्या अलीकडं नारळ टुणकन उभा! "आज्जी, मी काहीच केलं नाही," म्हणाला, आणि ते खरं होतं.

१८५३ साली लंडनमध्ये टेबलाभोवती बसून, त्यावर हात ठेवून आत्म्यांकडून ते फिरवून घ्यायची टूम निघाली होती. मायकेल फॅरेडेनं हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट लेपानं जोडून ठेवले. बघतो तर हाताकडचा थर टेबलाच्या पुढं सरकलेला. म्हणजे टेबल हातांनीच ढकललं जात होतं आणि ढकलणाऱ्याला पत्ता नव्हता. चुंबक आणि वीज शिकवताना फॅरेडे मी दरवर्षी शिकवला, हा प्रयोग मात्र निवृत्तीनंतर वाचला. पाणाड्या लबाडच असतो असं नाही. तोही नातवासारखाच.

मग पाणी लागतं कसं? आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांत असतं, वरच्या कुजलेल्या खडकात असतं, लाव्ह्याच्या दोन थरांच्या सांध्यात असतं. जिथं ते बऱ्यापैकी पसरलेलं आहे तिथं डोळे मिटून मारला तरी काही बोअर लागणारच. शिवाय उतार, नाला, शेजाऱ्याची विहीर पाणाड्याला दिसतच असतात. खुंट्या ठोकून जमिनीत वीज सोडणारं भूवैज्ञानिकाचं यंत्रही अंदाजच सांगतं, पण "कदाचित" असं म्हणतं. कर्ज काढलेल्या माणसाला "कदाचित" नको असतं.

आणि पुराव्याशिवाय विश्वास ठेवण्यात मी कुणापेक्षा कमी नाही. दख्खनचं पठार स्थिर आहे, इथं भूकंपाचं भय नाही, हे १९९३ पर्यंत मीच फळ्यावर लिहीत होते. नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होती. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. पुढं शाळा भरली तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, तुम्ही तर म्हणला होतात." पुस्तकात होतं म्हणून मी म्हणाले होते.

म्हणून त्या वाचकांना सांगणं एवढंच, की शेतकऱ्याला अडाणी म्हणून काही होत नाही. लागलेल्या बोअरवर मोटार बसते, सगळ्यांना दिसतो. कोरड्याच्या तोंडावर दगड ठेवतात आणि दोन पावसाळ्यांत तिथं गवत येतं. गावागावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर प्रत्येक बोअरची नोंद रंगवावी: पॉइंट कुणी दिला, किती फूट, पुढच्या मे महिन्यात पाणी होतं का. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजते. आपल्याला एकदा मोजायला काय हरकत आहे?

आमच्यापुरती वही मी सुरू केली आहे. तीन ओळी भरल्या. चौथ्या ओळीत "पॉइंट कुणी दिला" याखाली त्याच पाणाड्याचं नाव आहे. गाडी दिवाळीनंतर येईल. पाचशे रुपये माझ्याच पेन्शनमधून गेले.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
ता. औसा, जि. लातूर