स्वमग्न मुलांना झोपेबद्दल विचारा : पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. ना. प्रकाश आबिटकर साहेब,
सार्वजनिक आरोग्य मंत्री तथा पालकमंत्री, कोल्हापूर जिल्हा

सप्रेम नमस्कार.

मी मंगळवार पेठेत राहते. माझा १७ वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे. आपण याच जिल्ह्याचे आणि खातंही आरोग्याचं, म्हणून थेट आपल्यालाच लिहिते आहे. ऑटिझम असलेल्या प्रत्येकाच्या, लहान असो की मोठा, तपासणीत ‘रात्री झोप कशी लागते?’ हे विचारणं सक्तीचं करा आणि उत्तर केसपेपरवर लिहायला लावा.

मागणी किरकोळ वाटेल. पण इतक्या वर्षांत आम्हाला बाकी सगळं विचारून झालं. बोलतो का, नजर देतो का, हाक मारली की वळतो का, इतर मुलांत मिसळतो का. रात्री दोनला तो घरभर फिरत असतो, पहाटे कुठे डोळा लागतो आणि थोड्याच वेळात शाळेची रिक्षा दारात येते, हे मात्र आपणहून कुणी विचारलं नाही. मग दिवसा शेरा मिळतो : लक्ष देत नाही, हट्टीपणा वाढलाय, हात चावतो. थेरपीचे पैसे भरलेले असतात, मूल टेबलावर डोकं टेकून बसतं आणि तासाची वेळ संपते. न झोपलेल्या मुलाला काय शिकवणार?

हे एका घराचं गाऱ्हाणं नाही. जगभरातल्या अभ्यासांत स्वमग्न मुलांपैकी साधारण ५० ते ८० टक्के मुलांना झोपेचा त्रास असल्याचं दिसतं. इतर मुलांत हे प्रमाण बरंच कमी आहे. कुणाला झोप लागायलाच दोन-तीन तास लागतात, कुणी मध्यरात्री उठून ताजंतवानं होतं, कुणी चारलाच जागं. कारणंही एक नाही. शरीरात मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं संप्रेरक, तयार होण्याचं चक्र काहींमध्ये वेगळं असतं. कुणाला चादरीची शिवण टोचते, कुणाला पंख्याचा आवाज सहन होत नाही. बद्धकोष्ठता, छातीत जळजळ, लोहाची कमतरता, रात्रीची आकडी, मनातली धास्ती, यातलं काहीही मागे असू शकतं. ज्या मुलाला ‘पोटात दुखतंय’ हेही सांगता येत नाही, त्याचं न झोपणं हीच त्याची तक्रार असते. आकडीचं तर दुष्टचक्रच आहे. स्वमग्न व्यक्तींमध्ये तिचं प्रमाण जास्त, आणि जागरणाने ती आणखी उसळते.

यावर काय करायचं याची वाट डॉक्टरांना माहीत आहे. अमेरिकेतल्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या : आधी दुसरा आजार किंवा चालू औषधं झोप मोडत नाहीत ना ते बघा, मग झोपेची ठरलेली वेळ आणि सवयी बसवा, त्यांनी भागलं नाही तर मेलाटोनिनची गोळी. आपल्याकडे क्रम उलटा झालाय. पालकांच्या ग्रुपवर गोळीचं नाव येतं, दुकानात ती मिळते, आणि मूल डॉक्टरपर्यंत पोचायच्या आत औषध सुरू झालेलं असतं. मी त्या पालकांना दोष देणार नाही. महिनोन्‌महिने पाठ न टेकलेली आई हाताला लागेल ते धरते.

आता दिव्यांग प्रमाणपत्राचं बघा. ऑटिझमची टक्केवारी ज्या भारतीय मापनश्रेणीवरून ठरते, तिच्यात सहा भाग आणि ४० मुद्दे आहेत. सामाजिक नातं, भावना, भाषा, वर्तन, संवेदना, आकलन. झोपेला स्वतंत्र भाग नाही. त्या दिवशी मूल रात्रभर जागं राहून आलंय की झोपून, याने त्याचं वागणं पार बदलतं, आणि गुण वागण्यालाच मिळतात. श्रेणी बदलणं आपल्या एकट्याच्या हाती नाही, हे मी समजते. पण तपासणाऱ्याने आदल्या रात्रीची नोंद घ्यावी, एवढं तर आपण सांगू शकता.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची, मुलांची आरोग्य तपासणी करणारी पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातात. त्यांच्या फॉर्मवर एक ओळ वाढवायला किती खर्च येईल? आणि जिथे खर्च येईल, म्हणजे डॉक्टर-थेरपिस्टांच्या प्रशिक्षणाला, तिथे जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष आपणच आहात.

झोपेचं महत्त्व सरकारने याआधी मान्य केलेलं आहे. २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नयेत असा निर्णय झाला, तो मुलांच्या झोपेसाठीच. पाचवीपासून पुढच्या स्वमग्न मुलांना आणि दिव्यांगांच्या कार्यशाळेत काम शिकायला जाणाऱ्या तरुणांना उशिरा येण्याची मुभा द्यायला नवा कायदाही नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाजवी सोयीची तरतूद आहेच. संबंधित खात्यांशी आपण बोलावं.

आवाजाबद्दल लिहायचं की नाही, यावर मी बराच विचार केला. गणपती आमचाही आहे. माझ्या मुलाला ढोल-ताशा आवडतो, पापाच्या तिकटीच्या चौकात तो दुरून मिरवणूक बघतो. पण रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद हा नियम २००० सालापासून आहे, निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि पेठेत ती वर्षभर कुठल्या ना कुठल्या निमित्ताने मोडते. सणावाराला दहानंतरही ध्वनिक्षेपकाला परवानगी मिळते ते सवलतीचे दिवस सोडून इतर रात्री तरी नियम पाळला जावा. आणि त्या दिवसांची यादी आम्हाला वेळेत हाती मिळावी. आधी सांगितलेला आवाज त्याला पेलतो. अवचित आलेल्या आवाजानंतर मात्र पुढच्या दोन-तीन रात्री जातात.

शेवटचं. पुढच्या वर्षी तो १८ पूर्ण करेल. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वयोमर्यादा तिथेच संपते. त्यानंतर झोपेच्या तक्रारीसाठी त्याला जिल्ह्यातल्या कुठल्या सरकारी ओपीडीत, कुठल्या वारी घेऊन जायचं, याचं उत्तर आपल्या कार्यालयाकडून लेखी मिळावं, ही विनंती.

कळावे.

आपली,
एका स्वमग्न मुलाची आई
मंगळवार पेठ, कोल्हापूर